उसाची राख आणि एकशे ऐंशीचा आकडा

आमच्या बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंटला एक ओव्हन होता आणि तो रोज दुपारी बारा वाजता चालू व्हायचा. त्यात आम्हा सहा जणांचे डबे गरम होत. पाहणी समिती यायची तेव्हा अहवालात त्याची नोंद 'संशोधन सुविधा' अशी असायची. एकदा समितीतल्या एका गृहस्थांनी त्याचं दार उघडलं आणि आतून लसणाच्या चटणीचा वास आला. आमच्या विभागप्रमुखांनी शांतपणे सांगितलं, ऑर्गॅनिक सॅम्पल आहे. गृहस्थांनी मान हलवली आणि दार लावलं. या सरांकडेच मी एम.फिल.ला नाव नोंदवलं होतं.

मी तेव्हा तिशीची होते. सासर सणसरला, म्हणजे इंदापूर तालुक्यात. सकाळच्या एसटीनं बारामतीला यायचं, चार तास शिकवायचं, दोन प्रॅक्टिकलं घ्यायची आणि संध्याकाळी परत. सासऱ्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, नंतर कालव्याचं पाणी आलं आणि ऊस आला. त्या घरात एमएस्सी झालेली मी पहिली. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत, मीही. तात्यांना माझ्या शिक्षणाचं भारी कौतुक होतं आणि मी नेमकं काय शिकवते याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. सून बारामतीला करंट शिकवते, एवढं ते पाहुण्यांना सांगत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सर पुण्याला कसल्याशा परिसंवादाला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. तो शब्द म्हणजे नॅनो. सोमवारी त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यापुढे जगात जे काही होणार ते बारीक होणार. प्लॅस्टिकमध्ये एखादी बारीक खनिज पूड मिसळायची, पूड जितकी बारीक तितके गुण वेगळे. अशा मिश्रणात विजेचा भार किती धरला जातो ते मोजायचं. पुण्यात, दिल्लीत, परदेशात सगळे हेच करताहेत. आपण मागं का राहायचं? पूड कसली घ्यायची, असं मी विचारलं. सरांनी खिडकीबाहेर, साखर कारखान्याच्या धुराड्याच्या दिशेनं बोट दाखवलं.

ऊस पिळून उरलेला चोथा कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो, त्याची राख पोत्यांनी पडून असते. त्या राखेत वाळूचाच घटक असतो, सिलिका. कल्पना खरोखर वाईट नव्हती. राख ॲसिडनं धुवायची, भट्टीत पुन्हा भाजायची, पांढरी झाली की कुटायची. पण कुटल्यावर ती नॅनो झाली हे ओळखायचं कसं? त्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक बारामतीतच काय, पुण्यातही हात जोडल्याशिवाय मिळत नव्हता. सरांनी त्यावर तोडगा काढला. घरून मलमलचा तुकडा आणला आणि चारपदरी करून दिला. म्हणाले, यातून जे पडेल ते नॅनो.

मी आणि आमचे शिपाईमामा, जे निवृत्तीला दोन वर्षं राहिली म्हणून कुठल्याही कामाला नाही म्हणत नसत, पंधरा दिवस खलबत्त्यात राख कुटत होतो. मामांनी मला एकदाच विचारलं, की बाई, हे दंतमंजन आहे का? मी सांगितलं, नॅनो आहे. ते म्हणाले, बरं.

मिश्रणासाठी जे प्लॅस्टिक घेतलं होतं ते पाण्यात विरघळणारं होतं. पांढरे दाणे गरम पाण्यात ढवळत राहायचं, खिरीसारखं दाट झालं की त्यात राखेची पूड घालायची आणि काचेच्या ताटलीत ओतून पंख्याखाली ठेवायचं. दोन दिवसांनी साईसारखा पातळ पापुद्रा सुटून येई. आम्ही त्याला फिल्म म्हणायचो. ती दोन पितळी चकत्यांमध्ये दाबून धरायची आणि मीटर लावायचं. हवेच्या तुलनेत ही फिल्म विजेचा भार किती पट धरून ठेवते, तो आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. पुस्तकात सिलिकाचा आकडा चारच्या आसपास. त्या प्लॅस्टिकचा सहा-सात, फार तर दहा. दोन्ही मिसळल्यावर काय यायला हवं हे बारावीचा पोरगाही सांगेल.

ऑगस्टमधल्या एका ढगाळ दुपारी मी पहिली फिल्म लावली आणि हिशेब केला. एकशे ऐंशी आलं.

मी तीनदा मोजलं. मग जाडी चुकली असेल म्हणून जाडी पुन्हा मोजली. तरीही एकशे ऐंशीच. ताकात ताक ओतावं आणि भांड्यात तूप दिसावं, तसला प्रकार होता. फिजिक्स शिकलेल्या माणसानं तिथंच थांबून संशय घ्यायला हवा होता. मी थांबले नाही. मी धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पुढचा सगळा देखावा दिसत होता. बाहेरच्या देशातल्या मासिकात लेख, त्याखाली माझं नाव, नावापुढे सणसर.

सरांनी आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला, परत पाहिला. नॅनो, असं ते हळूच म्हणाले.

त्यानंतर आम्हाला कुणी आवरणारं नव्हतं. सरांनी दोन ठिकाणी निबंध पाठवले. त्यात माझं नाव तिसरं होतं. दुसरं प्राचार्यांचं, ज्यांचा विषय इतिहास होता. स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. त्याला सरांनी तासभर समजावलं आणि त्यानं सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मथळा छापून आला, 'उसाच्या राखेत साठणार वीज'. सर थोडे चपापले, पण कात्रण त्यांनी फ्रेम करून लावलं.

कात्रण सणसरला पोचायला एक दिवस लागला. आठवड्यात ग्रामपंचायतीपुढे मांडव पडला. मला शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. सरपंचांनी भाषणात सांगितलं की आता भारनियमनाचा प्रश्न गावापुरता सुटल्यात जमा आहे. पुढच्या वर्षासाठी प्रत्येकानं आपल्या पाचटाच्या राखेची पोती जपून ठेवावीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की असं काही होणार नाही. मी उठले आणि आभार मानले. तात्या पहिल्या रांगेत बसले होते, फेटा बांधून. त्यांच्याकडे पाहून मला दुसरं काही बोलवलं नाही, असं मी नंतर स्वतःला समजावत असे. पण ते पूर्ण खरं नाही. शाल छान होती आणि मला ती आवडली होती.

दिवाळीनंतर विहिरीवरची मोटर जळाली. तात्या ती ट्रॅक्टरमध्ये टाकून इंदापूरला निघाले. रविवार होता, मला इंदापूरच्या बाजारात काम होतं, म्हणून मीही बसले. एसटी स्टँडजवळ एका मिस्त्रींचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. साठीचे, बारीक अंगाचे, पांढरी दाढी, बोटांना वार्निशचे डाग कायमचे. तालुक्यातल्या अर्ध्या मोटरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. तात्यांनी माझी ओळख करून दिली आणि पेपरातल्या बातमीचाही उल्लेख केला. मिस्त्रींनी बातमी वाचलेली नव्हती. त्यांनी विचारलं, की ताई नेमकं काय करतात?

मी सांगायला सुरुवात केली. तुम्ही तारेवर वार्निश चढवता ना, तेही एक प्रकारचं पॉलिमरच. त्यात आम्ही पूड घालतो. मी चांगली दहा मिनिटं बोलले. वर्गात बोलते तसं, थोडं वरून. मिस्त्री जळकी तार उलगडत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"सुकवता कितीक?"

मी सांगितलं, पंख्याखाली दोन दिवस. मिस्त्रींनी तात्यांकडे पाहिलं. मग दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं लोखंडी कपाट होतं, त्याचं दार उघडून दाखवलं. आत सहा मोठे बल्ब पेटलेले आणि मधे कुणाच्या तरी मोटरीचं गुंडाळलेलं वेटोळं टांगलेलं. दारातून धग आली. ते म्हणाले, वार्निश मारायच्या आधी एक दिवस आणि मारल्यावर दोन दिवस माल हितं बसतो. त्याशिवाय मी मेगर लावत न्हाय. मेगर म्हणजे हातानं फिरवायचं यंत्र, वेटोळ्यातून वीज गळते का ते दाखवणारं.

"ओल्या मालावर मेगर काय बी दाखवतंय, ताई. त्येचं खरं धरायचं न्हाय."

मला राग आला. माझ्या पर्समध्ये वहीच्या पानांत एक फिल्म होती, पाहुण्यांना दाखवायला म्हणून मी ती घेऊनच फिरत असे. मी ती काढली आणि म्हटलं, ही बघा, हात लावून बघा, पूर्ण कोरडी आहे. मिस्त्रींनी ती तळहातावर घेतली. काही क्षण फिल्म सपाट पडून राहिली. मग तिच्या कडा हळूहळू उचलल्या आणि ती पानाच्या विड्यासारखी आपोआप गुंडाळत गेली. त्यांनी ती उलटी ठेवली, ती पुन्हा सरळ होऊन दुसऱ्या बाजूनं वळली. तात्या वाकून बघत होते. त्यांना वाटलं हाच तो शोध.

"घामानं वळतंय हे," मिस्त्री म्हणाले. "पानी पितंय."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी फिल्म जपून माझ्या हातात परत दिली आणि पुन्हा तार उलगडायला घेतली. परतताना ट्रॅक्टरवर मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पाण्याचा आकडा ऐंशी. फिल्म हवेतली ओल शोषते, त्या ओलीतून प्लॅस्टिकमधले आणि नीट न धुतलेल्या राखेतले क्षार हलायला लागतात, मीटरला वाटतं केवढा भार साठलाय. हे सगळं मला येत होतं. मी ते तृतीय वर्षाला शिकवत होते.

सोमवारी अकरा वाजता, डबे यायच्या आत, मी एक फिल्म ओव्हनमध्ये ठेवली. बारा वाजता सगळ्यांचे डबे आले, ते तिच्या शेजारी बसले. तीन वाजता मी फिल्म काढून लगोलग मीटरला लावली. सात आलं. पुस्तकातलं सात. मी खुर्ची ओढून बसून राहिले आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत गेले. आठ, अकरा, सोळा, चोवीस. पाच वाजता मी चकत्या सैल केल्या, फिल्मवर तोंडानं एकदा वाफ सोडली आणि परत मोजलं. नव्वद. म्हणजे आमच्या शोधातला मोठा भाग श्वासानेही होत होता.

मी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले. त्यांचा चेहरा आधी पडला, मग कठीण झाला. त्यांनी विचारलं, ओव्हनमध्ये ठेवायची परवानगी कुणी दिली? उष्णतेनं नॅनोची रचना मोडते, एवढंही तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही सॅम्पल जाळलंत. मी म्हटलं, सर, जळलेलं सॅम्पल संध्याकाळपर्यंत परत जिवंत होत नाही. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. त्याच दिवशी नोटीस लागली की ओव्हनचा वापर संशोधनासाठी करू नये. डबे चालू राहिले.

आता मी काय करायचं होतं? निबंध मागं घ्या असं लिहून पाठवायचं होतं. मी पाठवलं नाही. एम.फिल.ची सही सरांच्या हातात होती, हे एक कारण. सणसरच्या लोकांनी पोती भरून राख ठेवायला खरंच सुरुवात केली होती, हे दुसरं. रस्त्यात भेटलं की कुणीतरी विचारायचं, मॅडम, आमची राख चालंल का? मी म्हणायचे, बघू. पाच महिने मी बघू म्हणत राहिले.

एप्रिलमध्ये पुण्याहून एक तज्ज्ञ आले. सरांनी प्रकल्प वाढवून मागितला होता, त्याची तपासणी करायला. उंच, कमी बोलणारे, बारीक रेघांचा शर्ट. बारामतीत त्या दिवशी ऊन असं होतं की टेबलाला हात लावला तर चटका बसे. हवेत ओलीचा थेंब नाही. मी फिल्म लावली. मीटरच्या आकड्यावरून हिशेब केला, आठ.

सर म्हणाले, असं कधी होत नाही. दुसरी लावा. दुसरी लावली, आठच. सरांना घाम फुटला. पाहुण्यांना उकडतंय असं म्हणून त्यांनी शिपाईमामांना कूलर लावायला सांगितलं. कूलर प्राचार्यांच्या खोलीतून ओढत आणला, मामांनी त्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि वाळ्याच्या गारव्याचा झोत नेमका माझ्या टेबलावर आला.

सरांनी हे जाणूनबुजून केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तेवढी हुशारी त्यांच्यात असती तर गोष्ट वेगळी झाली असती. चहा झाला. अर्ध्या तासानं मी पुन्हा मोजलं, तेवीस. आणखी वीस मिनिटांनी, पंचावन्न. सरांचा चेहरा उजळत गेला. ते तज्ज्ञांना म्हणाले, बघा, आता सिस्टिम स्थिर होतेय, नॅनोला थोडा वेळ द्यावा लागतो.

तज्ज्ञ उठले. त्यांनी कूलरचं तोंड धरून दाराकडे वळवलं आणि परत येऊन बसले. पुढच्या मोजणीला आकडा उतरला. त्यांनी सरांकडे न बघता मला विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

"फिल्म पाणी पितेय, सर."

"हे कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून. वहीत आकडे लिहून ठेवलेत."

त्यांनी घड्याळ नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.   सर कपाटातली कसली तरी फाईल शोधत होते. मामा कूलरमध्ये तिसरी बादली ओतायला आले आणि परत गेले. निघताना तज्ज्ञांनी मला दारात थांबवून सांगितलं की दिवाळीची ती वही फेकू नका, तुमच्याकडे खरं काम तेवढंच आहे.

प्रकल्प वाढला नाही. पुढच्या टर्मला माझ्या वाट्याला आठवड्याची सगळी दुपारची प्रॅक्टिकलं आली आणि माझ्या प्रबंधाच्या प्रकरणांवर सरांची सही मिळायला महिनोन्‌महिने लागू लागले. गावात मी एकदाच ग्रामपंचायतीपुढे जाऊन सांगितलं की राखेतून वीज होणार नाही, आमची मोजायची चूक झाली. मला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, मग पोत्यांचं काय करायचं? मी म्हटलं, शेतात टाका. त्यांनी टाकली. वाईट वाटलं ते तात्यांचं. पाहुण्यांना माझ्याबद्दल सांगणं त्यांनी बंद केलं.

प्रबंध मी दिवाळीच्या वहीवरून नव्यानं लिहिला. फिल्म कशी सुकवावी, किती सुकवावी, पूड वाढवली की ओल किती जास्त शोषली जाते. मलमलीतून गाळलेल्या पुडीला मी साधी बारीक पूड म्हटलं आणि नॅनो हा शब्द शीर्षकातून काढला. नीट सुकवलेल्या फिल्मचा आकडा पूड वाढवल्यावर सातावरून साडेसहावर आला होता. इतक्या उलाढालीतून निघालेला शोध तेवढाच होता, आणि तो खरा होता. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी तो आकडा पाहिला, म्हणाले, बरोबर आहे, आणि पान उलटलं. इतका आनंद मला त्या एकशे ऐंशीनं दिला नव्हता.

सरांचं म्हणाल तर त्यांचं काहीच बिघडलं नाही. पुढच्या वर्षी कॉलेजात राज्य पातळीचा परिसंवाद झाला. सर व्यासपीठावर गेले आणि त्यांनी जाहीर केलं की उसाच्या राखेपासून हवेतली ओल मोजणारा अत्यंत संवेदनशील पदार्थ आपण तयार केला आहे. पुरावा म्हणून त्यांनी फिल्मवर वाफ सोडली. पडद्यावर आकडा उडाला. सभागृहात टाळ्या झाल्या. निबंधावर माझं नाव या वेळी चौथं होतं, कारण मधल्या काळात उपप्राचार्य नवे आले होते. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि सरांचा चेहरा नीट दिसत होता. ते खोटं बोलत नव्हते. आपण पहिल्यापासून हेच शोधत होतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.